उपाशीपोटी आल्याचा रस आणि छातीतली जळजळ

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातली, वय ५३. आमचं घरचं आलं असतं, त्यामुळे वर्षभर आल्याला तोटा नाही. गेली दोन-तीन वर्षं मला जेवल्यावर पोट जड होतं. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं, ढेकर येत राहतात, अधूनमधून मळमळतं. नवरात्राच्या सुमारास शेजारणीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. सकाळी उपाशीपोटी आल्याचा रस घेतला की पचनाच्या सगळ्या तक्रारी जातात, असं त्यात सांगितलं होतं. तेव्हापासून रोज पन्नासेक ग्रॅम आलं किसून, पिळून, कोमट पाण्यातून घेते. सुरुवातीला हलकं वाटलं. आता छातीत जळजळ होते आणि रात्री आंबट पाणी घशाशी येतं. सासूबाई म्हणतात, ओलं आलं सोड, सुंठ घे. आमचे हेही माझ्याबरोबर अर्धा कप रस घेतात. त्यांना मागच्या वर्षी स्टेंट बसवलाय, रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू आहेत. धाकटी मुलगी पुण्याला असते, तिला तिसरा महिना आहे आणि सकाळी फार मळमळतं. तिला आलं द्यावं असं मला वाटतं, पण सासूबाईंना भीती आहे की उष्ण पडेल. मुलाने जिंजेरॉलच्या कॅप्सूल मागवल्यात, बाटली अजून फोडलेली नाही. काय करू?

— एक वाचक, जि. सातारा

उत्तर

ताई, नमस्कार.

उद्या सकाळपासून रस बंद करा. तुमचाही आणि तुमच्या यजमानांचाही. त्यांच्या बाबतीत तर आजच सांगा, उद्याची वाट नको. आल्यावर मात्र राग धरू नका. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि आल्याचा त्या दोघींशी असलेला संबंध अगदी उलटसुलट आहे. तो नीट कळला की पुढचे निर्णय तुम्ही स्वतःच घेऊ शकाल. उत्तराच्या शेवटी डॉक्टरांकडे जाण्याविषयी लिहिलं आहे. बाकी काही सुटलं तरी चालेल, तेवढा भाग वगळू नका.

पहिली तक्रार जुनी: जेवल्यावर जडपणा, थोडं खाऊनच पोट भरणं, ढेकर, मळमळ. ही वरच्या पोटाची, म्हणजे जठराच्या हालचालीची तक्रार असू शकते. अन्न जठरात रेंगाळतं किंवा जठर अन्नासाठी हवं तेवढं सैलावत नाही. दुसरी तक्रार नवी: जळजळ आणि घशाशी येणारं आंबट पाणी. इथे जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येतं. आल्याबद्दल जे चांगलं बोललं जातं, ते पहिल्या प्रकारच्या तक्रारींपुरतं काही प्रमाणात खरं आहे. दुसऱ्या प्रकारात आलं, त्यातही एवढं आलं, त्रास वाढवतं. व्हिडिओ करणाऱ्याने ‘पचनाच्या सगळ्या तक्रारी’ म्हणून हे सगळं एकत्र बांधलं आणि त्याचा भुर्दंड तुमच्या छातीला बसला.

आता मात्रेचं बघू, कारण खरी गडबड तिथेच आहे. ओल्या आल्यात पाच भागांपैकी जवळजवळ चार भाग पाणी असतं. म्हणजे पन्नास ग्रॅम ओलं आलं वाळवलं तर दहाएक ग्रॅम सुंठ होईल. आल्यावरच्या बहुतेक वैद्यकीय चाचण्यांमध्ये माणसांना दिवसाला १ ते २ ग्रॅम सुंठीची पूड दिली गेली आहे. रसात चोथ्यातलं सगळं उतरत नाही हे मान्य, तरीही तुम्ही चाचण्यांतल्या माणसांच्या कितीतरी पट तिखट द्रव्यं, तीही रिकाम्या पोटी, एका दमात घेत होतात. घरचं आलं असलं की हात सैल सुटतो, हे मी समजू शकते. विकत घेऊन रोज पन्नास ग्रॅम कुणी किसलं नसतं.

ही तिखट द्रव्यं कोणती, तेही सांगते. त्यातून सासूबाईंच्या सुंठीचंही उत्तर निघतं. ओल्या आल्याचा झणका मुख्यतः जिंजेरॉल या कुळातल्या द्रव्यांचा असतो. त्यांच्यात ६-जिंजेरॉल सर्वांत जास्त. (आल्याचा वास वेगळ्याच द्रव्यांचा, झिंजिबेरीनसारख्या उडून जाणाऱ्या तेलांचा. म्हणून जुनी सुंठ वासाला फिकी पडली तरी जिभेला झोंबते.) आलं वाळतं किंवा तापतं तेव्हा जिंजेरॉलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगॉल तयार होतं. ते जिंजेरॉलच्या साधारण दुप्पट तिखट. शिजवताना काही जिंजेरॉल मोडून झिंजेरोन होतं, ते बरंच सौम्य आणि गोडसर. आमटीत उकळलेलं आलं नुसत्या चावलेल्या आल्याइतकं झोंबत नाही, त्याचं हे एक कारण.

तेव्हा सुंठ ओल्या आल्यापेक्षा सौम्य, असं वजनाला वजन धरून म्हणता येणार नाही. ती जास्तच तिखट आहे. तरी सासूबाईंच्या सांगण्यात एक शहाणपण आहे आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या घरांत सुंठ कधी कपाने घेतली जात नाही. चिमूटभर सुंठ, गूळ आणि तूप यांची गोळी होते. रामनवमीला सुंठवडा तळहातावर एवढासा मिळतो. बाळगुटीत सहाणेवर दोन वेढे उगाळतात. पिढ्यान्‌पिढ्या हात आखडता ठेवण्याची सवय सुंठीला चिकटली आहे, ओल्या आल्याला नाही. सासूबाईंना सांगा की प्रमाणाबाबत त्यांचं बरोबर आहे. पण जळजळ चालू आहे तोवर सुंठही नको.

जळजळ का होते, याची आणखी एक बाजू आहे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारा रिसेप्टर असतो. मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे आपल्याला जी आग जाणवते, ती याच्यामार्फत. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो १९९७ मध्ये शोधून काढला. पुढे २०२१ मध्ये ज्युलियस यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासह वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. जिंजेरॉल आणि शोगॉल हीसुद्धा याच ग्राहकाला जागं करतात. हा ग्राहक अन्ननलिकेच्या आतल्या बाजूच्या मज्जातंतूंवरही असतो, आणि त्याला उष्णता आणि आम्लही चेतवतात. मंदिरातल्या एकाच घंटेची दोरी दोघांनी ओढावी तसं रात्री वर येणारं आम्ल आणि सकाळचा रस तुमच्या बाबतीत एकाच जागी काम करत होते. त्यात पोट रिकामं, म्हणजे रसाची धार बोथट करायला अन्नाचा कणही नाही.

आता जुन्या तक्रारीकडे येऊ. आल्याने जठर खरंच लवकर रिकामं होतं का? होतं, असं मानायला आधार आहे. तैवानमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये २४ निरोगी माणसांवर प्रयोग केला. आधी १.२ ग्रॅम आल्याच्या कॅप्सूल दिल्या आणि तासाभराने अर्धा लिटर सूप पाजलं. मग जठरातलं निम्मं सूप पुढे आतड्यात सरकायला किती वेळ लागतो ते मोजलं. आलं घेतलं तेव्हा साधारण १३ मिनिटं लागली, बिनआल्याच्या कॅप्सूल घेतल्या तेव्हा २६-२७ मिनिटं. जठराच्या खालच्या भागाचं आकुंचनही वाढलेलं दिसलं. इतका फरक एखाद्या घरगुती पदार्थाने पडावा, हे मला आजही विलक्षण वाटतं.

मग त्याच संशोधकांच्या वर्तुळाने २०११ मध्ये तुमच्यासारख्या लोकांवर प्रयोग केला. ज्यांना जेवल्यावर जडपणा येतो आणि तपासण्यांत काही सापडत नाही, असे ११ जण. त्यांच्यातही आल्याने जठर लवकर रिकामं झालं, निम्मं रिकामं व्हायला सुमारे १६ ऐवजी १२ मिनिटं. पण त्यांना विचारलं की बरं वाटतंय का, जडपणा कमी झाला का, तर आलं घेतल्यावर आणि न घेता उत्तरात फरक नव्हता. हा दुसरा निकाल कॅप्सूलच्या जाहिरातींत सांगितला जात नाही, पहिला मात्र सांगितला जातो. अकरा माणसं फार थोडी, आणि आलं त्यांना एकदाच दिलं होतं, रोज नाही. त्यामुळे ‘उपयोग नाही’ असं म्हणून मी हात झटकणार नाही. पण जठर लवकर रिकामं होणं वेगळं आणि माणसाला सुटल्यासारखं वाटणं वेगळं, एवढं त्यावरून ठरतं. तुम्हाला सुरुवातीला हलकं वाटलं ते खोटं नव्हतं. ते पन्नास ग्रॅमांमुळे वाटलं असं मात्र मानू नका, पाच ग्रॅमांनीही तेवढंच वाटलं असतं असा माझा अंदाज आहे.

आल्याची सगळ्यात भक्कम बाजू जडपणाची नाहीच, ती मळमळीची आहे. म्हणून धाकटीबद्दल आता सविस्तर लिहिते.

पोट बिघडलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं निरोप्या द्रव्य सोडतात. ते ५-एचटी-३ नावाच्या ग्राहकांवर बसतं आणि व्हेगस नावाच्या मोठ्या नसेतून मेंदूपर्यंत उलटीचा निरोप जातो. दवाखान्यात उलट्या थांबवायला ओन्डान्सेट्रॉन देतात, ते हाच ग्राहक अडवतं. जिंजेरॉल आणि शोगॉल याच ग्राहकाचं काम मंद करतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. ताकद औषधाइतकी नाही, पण दिशा तीच. डेन्मार्कमध्ये १९८८ साली नौदलाच्या ८० प्रशिक्षणार्थींना खवळलेल्या समुद्रावर १ ग्रॅम आलं देऊन पाहिलं. उलट्या आणि थंड घाम कमी झाले, नुसत्या मळमळीतला फरक तितका ठाम नव्हता. अमेरिकेत केमोथेरपी घेणाऱ्या ५७६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१२ मध्ये ती छापून आली. उलटीच्या नेहमीच्या औषधाबरोबर त्यांना आलं दिलं होतं. पहिल्या दिवशीची मळमळ त्याने कमी झाली आणि सर्वांत चांगला परिणाम दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम घेणाऱ्यांत दिसला, दीड ग्रॅम घेणाऱ्यांत नाही. जास्त घेतल्याने जास्त गुण येतो ही समजूत इथेही टिकली नाही.

गरोदरपणातल्या मळमळीवर तर आल्याच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. मळमळ कमी होते असं त्या एकंदरीत सांगतात. उलट्यांची संख्या घटते का, यावर मात्र त्यांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सुरुवातीच्या बिनऔषधी उपायांमध्ये आल्याचा समावेश केलेला आहे. उष्ण पडण्याची, म्हणजे गर्भाला धोका होण्याची सासूबाईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तिसऱ्या महिन्यात घरातल्या मोठ्या बाईला ती वाटणारच. त्यांना हे सांगा: नॉर्वेमध्ये ६८ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या हजारभर स्त्रियांनी गरोदरपणात आलं घेतलं होतं. बाळांमधली व्यंगं, मृतजन्म, कमी वजन, वेळेआधी प्रसूती, यांतलं काहीही आलं घेणाऱ्यांत जास्त आढळलं नाही. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

चाचण्यांतली मात्रा दिवसाला एकूण एक ग्रॅम सुंठ, तीही पाव-पाव ग्रॅम करून चार वेळा. धाकटीला सुंठीपेक्षा ओलं आलंच सोपं जाईल. दिवसभराचं मिळून ५ ग्रॅम, त्याहून जास्त नको. स्वयंपाकघरात काटा असेल तर एकदा तोलून पाहू द्या, म्हणजे तुकडा केवढा ते नजरेत बसेल. त्याचे पातळ काप करून, किंचित मीठ लावून डबीत ठेवायचे आणि मळमळायला लागलं की एक चघळायचा. सकाळी उठल्याउठल्या आधी कोरडा टोस्ट किंवा चार दाणे लाह्या खाऊ देत, मग आलं. आलेपाकही चालेल, फक्त वडीत साखर किती असते ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलीच्या तपासणीत रक्तातली साखर वाढलेली असेल तर वडी नको. आणि पुढच्या भेटीत ती ज्या डॉक्टरांना दाखवते त्यांच्या कानावर घालायला सांगा. प्रसूती जवळ आल्यावर किंवा मध्येच रक्तस्राव झाला तर आल्याचे असे वेगळे काप बंद करायचे, जेवणातलं तेवढं चालेल. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन उतरत असेल, तर आलं-बिलं बाजूला ठेवून तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं. तिथे सलाइन आणि औषधंच लागतात.

यजमानांविषयी मी जरा कडक बोलणार आहे. स्टेंटनंतरच्या गोळ्या रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाहीत. आल्यातली द्रव्यंही मोठ्या प्रमाणात हेच करू शकतात, असं प्रयोगशाळेत दिसतं. माणसांवरचे निकाल एकसारखे नाहीत, काहींत परिणाम दिसला, काहींत नाही. पण स्टेंट असलेल्या माणसाने ‘बघू काय होतं ते’ म्हणून रोज अर्धा कप रस प्यावा, इतका हा विषय हलका नाही. भाजी-आमटीतलं, चहातलं आलं त्यांना चालेल. रस नको, कॅप्सूल तर नकोच. हिरड्यांतून रक्त, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग, शौचाला काळं, असं काही आढळलं असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना लगेच कळवा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत. बंद करायचा आहे तो रस.

कॅप्सूलची बाटली फोडली नाहीत हे चांगलं केलंत, परत जात असेल तर पाठवा. घरात आलं पिकत असताना त्यावर पैसे का घालायचे, हा एक भाग झालाच. पण माझा मुख्य आक्षेप भरवशाचा आहे. अमेरिकेत बाजारातल्या आल्याच्या पूरकांची (सप्लिमेंट्सची) तपासणी केली गेली, तेव्हा काहींत ६-जिंजेरॉल अजिबात सापडलं नाही आणि काहींत भरपूर सापडलं. बाटलीवरच्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. मुलाने काळजीपोटी मागवल्या, त्याला तसं समजावून सांगा.

तुमच्यासाठी मी असं सुचवेन. दोन आठवडे आलं फक्त स्वयंपाकात, जेवढं नेहमी पडतं तेवढंच. त्या काळात जळजळ कमी करण्याकडे लक्ष द्या: रात्रीचं जेवण लवकर आणि थोडं, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून तो भाग चार-सहा इंच उचलायचा. नुसती उशी उंच करून उपयोग होत नाही, त्याने पोट मुडपतं. पहाटेचा कोरा किंवा दुधाचा चहा रिकाम्या पोटी घेत असाल तर तोही पुढे ढकला. शेतावरून उशिरा येऊन भूक भूक करत भराभर जेवण होत असेल, तर दुपारचं जेवण दोन वेळांत विभागून बघा. जडपणासाठी हा बदल कुठल्याही काढ्यापेक्षा जास्त कामाचा ठरतो, असा माझा अनुभव आहे.

जळजळ पूर्ण थांबली की मग आलं परत आणा, पण जेवणाच्या सोबतीने. पाच ग्रॅम आल्याचे बारीक काप, वर सैंधव, दुपारच्या जेवणाच्या सुरुवातीला. लिंबू सध्या नको. किंवा जेवणानंतर पातळ ताकात किसून, जिऱ्याबरोबर. तीन-चार आठवडे असं करून पाहा. जडपणात फरक वाटला तर चालू ठेवा, नाही वाटला तर सोडून द्या, त्यात हरल्यासारखं काही नाही. जळजळ परत आली तर हे तुमच्या पोटाला मानवत नाही असं समजून थांबा.

आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही आल्याची रीत हीच आहे: जेवणाच्या आधी, मीठ लावून, तुकडाभर. आणि तिथेच असंही बजावलं आहे की अंगात दाह असेल तेव्हा, तसंच ग्रीष्मात आणि शरदात आलं हितकर नाही. तुम्ही सुरू केलंत ते नेमकं नवरात्राच्या सुमारास, म्हणजे शरदात. ज्या परंपरेचा दाखला देऊन असे व्हिडिओ फिरतात, त्या परंपरेने घातलेली अट त्यांत कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरच्या आल्याबद्दल एक गोष्ट विचारायची राहिली होती. कंदकुजीसाठी प्लॉटला आळवणी होते, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओततात, बेणं बुरशीनाशकात बुडवून लावतात. खायला काढलेलं आलं शेवटच्या आळवणीनंतर सांगितलेले दिवस उलटल्यावरचंच आहे ना, एवढं घरात विचारून घ्या. आणि बेण्यासाठी प्रक्रिया केलेल्या कंदातला उरलासुरला तुकडा कधीही स्वयंपाकघरात येऊ देऊ नका, कितीही धुतला तरी. खायचं आलं ब्रशने घासून, माती काढून, साल खरवडून वापरा.

आता डॉक्टरांचं. वय ५३, तक्रार दोन-तीन वर्षांची, आणि तुम्ही अजून कुणाला दाखवलेलं पत्रात दिसत नाही. चार घासांत पोट भरण्याचं कारण प्रत्येक वेळी साधं अपचनच असतं असं नाही. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जिवाणू असू शकतात, व्रण असू शकतो, पित्ताशयात खडे असू शकतात. खडे असतील तर आल्याचा जादा डोस विचारल्याशिवाय घेऊच नये. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात जठराची हालचाल मंदावते, तेव्हा साखर तपासलेली नसेल तर तीही तपासायला हवी. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर अर्धं कारण तिथेच सापडेल. पन्नाशीनंतर अशी तक्रार असेल तर डॉक्टर बहुधा दुर्बिणीतून जठर बघायला सांगतील. काही मिनिटांची तपासणी असते, त्याला घाबरून टाळू नका.

गेल्या काही महिन्यांत न ठरवता वजन उतरलं असेल, घास गिळताना अडकत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, उलटीत रक्त दिसलं असेल, सारखा थकवा असून रक्त कमी निघालं असेल, तर दोन आठवडे थांबायचं नाही, याच आठवड्यात जायचं. छातीतली जळजळ चढण चढताना किंवा ओझं उचलताना येत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, किंवा तिच्याबरोबर घाम फुटून दम लागत असेल, डावा हात वा जबडा दुखत असेल, तर ती पोटाची समजून घरी बसू नका, तडक दवाखाना गाठून ईसीजी काढा. बायकांच्या हृदयाचा त्रास अनेकदा ‘पित्त’ म्हणून घरातच दाबला जातो.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घालून न्या, दुकानातून आणलेल्या आणि जळजळीसाठी अधूनमधून घेतलेल्याही. रसाचं मात्र स्वतःहून सांगा, किती आणि किती दिवस ते. डॉक्टर विचारतीलच असं नाही.